एकशे अठ्ठेचाळीस फुटांवरचा एक बाण

बेळगावच्या शहापूर भागात एका घराच्या माडीवर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून आपापलं पात्र खेळवण्याच्या खेळाचा, डाव बसतो. चार खेळाडू, एक डीएम, म्हणजे डाव चालवणारा. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ सालचे. बोलणं बेळगावी मराठीत, दोघे घरी कन्नड बोलणारे म्हणून अधूनमधून कन्नडही. नियमांचे शब्द मात्र सगळ्यांचे इंग्रजीच. जुलैतल्या एका डावात एकाच बाणावरून पाऊण तास वाद झाला आणि तेवढा वेळ खेळ थांबला. बाण लागला की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्या एका बाणात लांबून मारण्याच्या नियमांतल्या जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका एकदम आल्या होत्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे.

नकाशावर पडका किल्ला होता. येळ्ळूरचा राजहंसगड सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे तटबंदी, बुरूज, जंग्या हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. धनुर्धारी रेंजर ३० फूट उंच बुरुजावर उभी. दरोडेखोरांचा म्होरक्या खाली मैदानात, सपाटीवर मोजलं तर १४५ फुटांवर. त्याच्यासमोर कमरेइतकी पडकी भिंत. भिंतीच्या अलीकडे, रेंजर आणि म्होरक्या यांच्या अगदी रेषेत, आपल्या बाजूचा ढालकरी फायटर. तो आणि म्होरक्या भिंतीवरून एकमेकांवर वार करत होते.

आकडे असे. रेंजर चौथ्या लेव्हलची: डेक्स्टेरिटीचे +४, प्रोफिशियन्सीचे +२, आर्चरी या फायटिंग स्टाइलचे +२, मिळून वीस बाजूंच्या फाशावर +८. हातात लाँगबो, पल्ला १५०/६०० (साधा पल्ला १५० फूट, लांब ६००), डॅमेज, म्हणजे इजा, १डी८+४ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ४). म्होरक्याचा आर्मर क्लास, म्हणजे एसी, १५ (फाशाची बेरीज एवढी किंवा जास्त आली तरच बाण लागतो) आणि हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, ६५. ढालकऱ्याचा एसी १८: चेनमेलचे १६, ढालीचे २.

डीएमनं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, आडवं १४५ आणि उभं ३०, बेरीज १७५ फूट. म्हणजे १५०च्या बाहेर, म्हणून डिसॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून लहान तो धरायचा. दुसरी, ‘मधी आपला माणूस उभारलाय की गं, वजा चार.’ तिसरी, भिंतीच्या आडोशाचे २ आणि माणसाच्या आडोशाचे २, म्हणून म्होरक्याचा एसी १९. रेंजरनं लाल फासा टाकला, १३. मग पांढरा, ८. लहान आठ, त्यात आठ मिळवून चार वजा, बारा. एकोणीस कुठं, बारा कुठं. बाण वाया.

‘दादा, तेरा पडल्यात की पहिल्यांदा! कसला वजा चार?’ इथून वाद पेटला.

आधी नुकसान किती झालं ते पाहू. डीएमच्या हिशेबानं फाशावर १५ किंवा जास्त हवे होते. एका फाशावर ही शक्यता ३० टक्के, आणि दोन्ही फासे तसे पडायला हवेत म्हणून ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ९ टक्के. पुस्तकाप्रमाणे हा बाण लागण्याची शक्यता ६० टक्के होती. सहा-सातपट फरक. धनुर्धारी खेळवणाऱ्या माणसाला दोन-तीन डावांत ‘आपलं पात्र निकामी आहे’ असं वाटू लागतं, ते बहुतेक वेळा अशाच हिशेबामुळे. आणि डीएम पक्षपाती नव्हता. तिन्ही गोष्टी त्याला मनापासून बरोबर वाटत होत्या, आणि तिन्हींना कुठं ना कुठं आधारही होता.

नेम आणि आडोसा

वादाचं मूळ भाषेत आहे असं आमचं मत आहे. मराठीत आपण ‘आड आलं’ असं एकच म्हणतो. भिंत आड आली, माणूस आड आला, अंधार आड आला, धुकं आड आलं. नियमांमध्ये मात्र ही दोन निरनिराळी खाती आहेत आणि त्यांचा हिशेब निरनिराळ्या जागी होतो.

मारणाऱ्याला नेम धरणंच अवघड जात असेल तर परिणाम फाशांच्या संख्येवर होतो. लांब पल्ला, न दिसणारं लक्ष्य, अंगाशी भिडलेला शत्रू, लांबून जमिनीवर आडव्या पडलेल्या लक्ष्यावर मारणं: या सगळ्यांत डिसॲडव्हान्टेज. नेम नीट धरता येतोय पण बाणाच्या वाटेत घन वस्तू आहे, तर परिणाम लक्ष्याच्या एसीवर होतो. अर्धा आडोसा असेल तर +२, पाऊण असेल तर +५, पूर्ण झाकलेलं असेल तर त्याच्यावर थेट मारताच येत नाही. मराठीत हा भेद करायला शब्द आपल्याकडे आहेतच. नेम चुकणं वेगळं, बाण अडणं वेगळं. टेबलावर प्रत्येक अडचण ऐकली की आधी विचारायचं, यानं नेम बिघडतो की बाण अडतो? उत्तर मिळालं की फासे किती आणि एसी किती हे आपोआप ठरतं. ‘वजा चार’ला या दोन्ही खात्यांत जागाच नाही, हेही तिथंच दिसतं.

दोन खात्यांचं वजन सारखं नाही, हे ध्यानात ठेवावं. या बाणात अर्ध्या आडोशानं शक्यता ७० वरून ६० टक्क्यांवर आली. त्याच्यावर डिसॲडव्हान्टेज बसवलं असतं तर ६० वरून ३६. म्हणून आडोशाला चुकून डिसॲडव्हान्टेज देणारा डीएम धनुर्धाऱ्याचं दुपटीहून जास्त नुकसान करतो.

अंतर

१४५ आणि ३० यांची बेरीज करणं चूक आहे, कारण बाण आधी आडवा जाऊन मग सरळ खाली पडत नाही. तो तिरका जातो. काटकोन त्रिकोणाच्या हिशेबानं १४५चा वर्ग २१,०२५, ३०चा वर्ग ९००, बेरीज २१,९२५, वर्गमूळ १४८ आणि थोडं. दीडशेच्या आत, दोन फुटांनी का होईना. साधा पल्ला, एकच फासा.

चौकटींवर खेळताना पाचव्या आवृत्तीचा साधा नियम तिरकी चौकटही ५ फुटांचीच धरतो. तोच हिशेब उभ्या दिशेला लावला तर दोन्हींपैकी मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे १४५. तरीही पल्ल्याच्या आतच. डीएमसाठीच्या पुस्तकात एक पर्याय आहे: तिरकी चौकट एकदा ५, एकदा १० अशी मोजायची. त्यानं इथं ६ तिरक्या चौकटींचे ४५ आणि २३ सरळ चौकटींचे ११५, मिळून १६० येतात, आणि बाण लांब पल्ल्यात जातो. म्हणजे एकाच जागेवरून एकाच माणसावर मारताना चार पद्धतींनी १४५, १४८, १६० आणि १७५ अशी चार उत्तरं. १७५ सोडून बाकीच्या तिन्ही पद्धती चालतात, अट एवढीच की डाव सुरू व्हायच्या आधी एक निवडलेली असावी. तरी लांब अंतर आणि थोडी उंची असेल तेव्हा ५-१० ची मोजणी खऱ्यापेक्षा बरीच जास्त येते, इथं तब्बल १२ फुटांनी. धनुष्यबाण जास्त वापरणाऱ्या गटानं ती घेऊ नये.

ही चूक घडण्यामागं एक अगदी साधं कारण होतं: कागद. बाजारात मिळणारा चार्ट पेपर साधारण २८ बाय २२ इंचांचा. त्यावर १ इंचाच्या चौकटी आखल्या तर लांबीत २८ चौकटी बसतात, म्हणजे १४० फूट. लाँगबोचा साधा पल्लाच कागदात मावत नाही. म्हणून रेंजरची सोंगटी कागदाबाहेर, एका वहीवर ठेवली होती आणि अंतर तोंडी चाललं होतं. तोंडी अंतरात बेरीज सोपी वाटते.

उपाय शाळेच्या दप्तरातच आहे. चौकटी १ सेंटिमीटरच्या आखाव्यात. त्याच चार्ट पेपरवर लांबीत ७० चौकटी, म्हणजे ३५० फूट बसतात. आणि १ सेंटिमीटरला ५ फूट धरलं की ३० सेंटिमीटरची साधी पट्टी म्हणजे नेमका लाँगबोचा साधा पल्ला. शॉर्टबो आणि लाइट क्रॉसबो यांचा ८० फुटांचा पल्ला म्हणजे १६ सेंटिमीटर, फेकलेल्या भाल्याचे, म्हणजे जॅव्हलिनचे, ३० फूट म्हणजे ६, फेकलेल्या सुऱ्याचे २० फूट म्हणजे ४. उंचीचा प्रश्न आला की कागदाच्या कोपऱ्यात २९ सेंटिमीटर आडवी आणि ६ सेंटिमीटर उभी रेघ ओढायची आणि टोकं जोडून पट्टी लावायची. २९.६ येतात. वर्गमूळ काढायची गरजच नाही, वादही नाही. सोंगट्यांना चिंचोके पुरतात. इंचभर उंचीच्या रंगवलेल्या मूर्ती एवढ्या चौकटीत मावणार नाहीत, हा तोटा खरा.

डोळ्यांसमोर अंतर आणायचं असेल तर आपल्याकडच्या ३० बाय ४०च्या प्लॉटचं माप घ्यावं. तीस फुटांच्या बाजूनं पाच प्लॉट ओळीनं, एवढा लाँगबोचा साधा पल्ला. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, म्हणजे १७० फूट. त्याच्या माथ्यावरून तळाशी सरळ खाली मारलेला बाणही पुस्तकाप्रमाणे लांब पल्ल्यातच मोडतो. खाली मारतोय म्हणून पल्ला वाढतो किंवा वर मारतोय म्हणून घटतो असं काही नियमांत नाही.

वजा चार कुठून आले

तिसऱ्या आवृत्तीतून. २००० साली आलेल्या त्या आवृत्तीत आपल्या माणसाशी झुंजणाऱ्या शत्रूवर लांबून मारताना खरोखरच वजा चार होते आणि ते घालवण्यासाठी प्रिसाइज शॉट नावाचं फीट, म्हणजे पात्राचं खास कौशल्य, घ्यावं लागे. तेव्हा पल्ल्याचाही हिशेब वेगळा होता, प्रत्येक टप्प्याला वजा दोन. पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१९ सालच्या, टप्प्याटप्प्यानं वजा दोन आजही आहेत, आणि मधल्या माणसामुळे लक्ष्याला +१ मिळतो. डीएम आधी जुन्या नियमांनी खेळलेला होता. हात तसेच वळतात.

पाचव्या आवृत्तीत ‘झुंजीत बाण मारणं’ असा दंडच नाही. आपला माणूस म्होरक्याशी भिडलेला आहे यानं काही होत नाही. तो रेषेत उभा आहे यानं होतं, आणि ते म्हणजे अर्धा आडोसा, +२. तो दोन चौकटी बाजूला उभा राहून झुंजत असता तर त्याच्यामुळे म्होरक्याला काहीच मिळालं नसतं.

इथं एक दुसरा नियम या समजुतीत मिसळतो, तो वेगळा काढायला हवा. मारणाऱ्याच्याच ५ फुटांच्या आत एखादा शत्रू असेल, त्याला मारणारी दिसत असेल आणि तो बेशुद्ध किंवा हतबल नसेल, तर तिच्या प्रत्येक लांबच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज. मग ती शेजारच्यावर मारो की शंभर फुटांवरच्या दुसऱ्यावर. हा नियम मारणाऱ्याच्या अंगाशी कोण आहे हे पाहतो. लक्ष्याच्या अंगाशी कोण आहे हे पाहत नाही. आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा उलटा वाचला जाणारा नियम हाच. तो हल्ल्याचा फासा टाकाव्या लागणाऱ्या लांबच्या मंत्रांनाही लागतो. शिवाय धनुष्यानं ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक, म्हणजे टप्प्याबाहेर पडणाऱ्या शत्रूवर जादा वार, करता येत नाही, म्हणून अंगाशी आलेला शत्रू धनुर्धाऱ्याला दोन्हीकडून पकडतो.

दोन आणि दोन चार का होत नाहीत

आडोशांची बेरीज होत नाही. लक्ष्यासमोर दहा आडोसे असोत, त्यांतला सर्वांत जास्त झाकणारा एकच धरायचा. भिंतीचा अर्धा आणि माणसाचा अर्धा मिळून अर्धाच, +२.

यावर टेबलावर एक चांगला मुद्दा निघाला. ढालकऱ्याचा खेळाडू म्हणाला, ‘कमरेखाली भिंत, कमरेवर मी. मग तो दिसणार तरी किती? पाऊण झाकला की!’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोजून पाहू. रेंजरचे डोळे सुमारे ३५ फुटांवर, म्होरक्याची छाती ४ फुटांवर, मध्ये १४५ फूट. रेषा एका चौकटीत, म्हणजे ५ फुटांत, जेमतेम एक फूट खाली येते. म्हणजे म्होरक्याच्या छातीकडे जाणारा बाण ढालकऱ्याजवळून ५ फुटांवरून जाणार, आणि ढालकरी ६ फूट उंच. छाती झाकली. डोक्याकडे जाणारी रेषा साडेसहा फुटांवरून, म्हणजे डोकं मोकळं. भूमितीनं पाहिलं तर पाऊण झाकला म्हणायला जागा आहे.

तरीही आम्ही अर्धाच धरू. पुस्तक जिवंत माणसाला, मग तो मित्र असो वा शत्रू, अर्ध्याच आडोशात घालतं, आणि त्याला कारण आहे. झुंजणारा माणूस खांबासारखा उभा नसतो. सहा सेकंदांच्या फेरीत तो वाकतो, सरकतो, ढाल खाली-वर करतो, आणि धनुर्धारी त्या फटीची वाट पाहते. जंगीची गोष्ट निराळी. दगडात कोरलेली फट हलत नाही, म्हणून जंगीआडून मारणाऱ्याला पाऊण आडोसा, +५. कमरेइतकी भिंत अर्ध्यात आहे असं नियम स्वतःच उदाहरण देऊन सांगतो. चौकटींवर तपासायची रीतही अर्ध्याकडेच बोट दाखवते: मारणाऱ्याच्या चौकटीचा एक कोपरा निवडा, तिथून लक्ष्याच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांना रेषा ओढा, एक-दोन अडल्या तर अर्धा, तीन-चार अडूनही बाण पोचण्यासारखा असेल तर पाऊण. ओळीत सरळ पुढं एकच माणूस उभा असेल तर कोपरा नीट निवडल्यावर दोनच रेषा अडतात.

उंचीचा फायदा कधी मिळतो? ३० फुटांच्या बुरुजावरून, लक्ष्याला खेटून सहा फुटी माणूस उभा असताना, आडवं अंतर साधारण ५० फुटांच्या आत आलं की रेषा त्याच्या डोक्यावरून जाऊन लक्ष्याचं अर्ध्याहून जास्त अंग मोकळं दिसू लागतं. त्या अंतरावर डीएमनं माणसाचा आडोसा काढून टाकावा. १४५ फुटांवर नाही.

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भिंतीनं म्होरक्याला आधीच +२ दिलेले होते. बेरीज होत नाही. म्हणजे ढालकरी रेषेत होता की नव्हता यानं या बाणाच्या शक्यतेत शून्य फरक पडत होता. वादातली निम्मी वाक्यं ज्या माणसावरून झाली तो हिशेबात नव्हताच. ‘मी आडवा पडतो, तू मार’ असं ढालकऱ्यानं एकदा सुचवलं. तेही व्यर्थ गेलं असतं: पडायला काही खर्च नाही, पण भिंत तशीच राहते, उठायला निम्मी चाल जाते, आणि पडलेल्या ढालकऱ्यावर शेजारचा म्होरक्या ॲडव्हान्टेजनं, म्हणजे दोन फाशांतला मोठा धरून, वार करतो. भिंत नसती तर खरा उपाय म्हणजे ढालकऱ्यानं आपल्या पाळीत एक चौकट बाजूला सरकणं. म्होरक्याच्या हाताच्या टप्प्यातच राहून सरकल्यास ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक होत नाही. तो टप्प्याबाहेर पडताना होतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी ढालकरी आपल्याच धनुर्धाऱ्याची वाट अडवून उभे राहतात.

जाता जाता: ती भिंत तलवारीलाही लागू होती. ढालकऱ्याच्या वारालाही म्होरक्याचा एसी १७ हवा होता आणि म्होरक्याच्या वाराला ढालकऱ्याचा २०. दोन फेऱ्या कुणी ते धरलं नव्हतं.

मित्राला बाण लागतो का

‘चुकला तर आपल्याच माणसाला लागंल की’ हे वाक्य प्रत्येक टेबलावर येतं. मूळ नियमात लागत नाही. डीएमसाठीच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे आणि तो वाटतो त्याहून फार सौम्य आहे. आडोसा नसता तर लागला असता, पण आडोशाच्या एसीमुळे चुकला, एवढ्याच पट्टीतला फासा आडोशाला लागतो. आणि आडोसा माणूस असेल तर एकूण आकडा त्या माणसाच्या एसीपेक्षा जास्तही असावा लागतो.

आपल्या बाणाला लावा. आडोशाशिवाय १५, आडोशासह १७. पट्टी फक्त १५ आणि १६, म्हणजे फाशावर ७ किंवा ८. ढालकऱ्याचा एसी १८. सोळा कधी अठरावर जात नाहीत, म्हणून या बाणानं ढालकरी जखमी होणं अशक्यच होतं. त्याच्या जागी १२ एसीचा जादूगार असता तर दोन्ही आकडे त्याला लागले असते, वीसात दोन, १० टक्के. चिलखतवाल्या मित्राच्या मागून मारणं सुरक्षित आणि कापडी झग्यातल्या मित्राच्या मागून धोक्याचं, हे या छोट्या नियमात छान उतरलं आहे. आम्हाला तो आवडतो. फक्त तो आधी सगळ्यांसमोर मान्य करून घ्यावा, बाण सुटल्यावर काढू नये. ‘एक पडला, मित्राला लागला’ हा मात्र घरगुती नियम. त्यात दर वीस बाणांमागं एक मित्राच्या अंगात जातो, आणि लेव्हल वाढून हल्ले दोन-दोन झाले की जास्त कुशल धनुर्धारीच जास्त मित्र मारते. असा नियम ठेवू नये.

निकाल

साधा पल्ला, म्हणून एक फासा. अर्धा आडोसा, म्हणून एसी १७. वजा काही नाही. लाल फासा आधी टाकला होता, १३. तेरा आणि आठ एकवीस. बाण लागला.

पांढरा फासा रद्द का आणि लाल ग्राह्य का, हे आधी ठरलेलं नसतं तर इथं दुसरा वाद झाला असता. म्हणून दोन रंगांचे फासे ठेवून ‘लाल पहिला’ असं कायमचं ठरवावं. डिसॲडव्हान्टेज नंतर चुकीचं निघालं तर लालच मोजायचा.

वाद मिटेपर्यंत डाव एका फेरीनं पुढं गेलेला असेल तर मागं जाऊ नये. म्होरक्याचे ६५ हिट पॉइंट होते, एका बाणाचं सरासरी डॅमेज साडेआठ. म्हणून डॅमेज तेव्हाच्या तेव्हा टाकून चालू आकड्यातून वजा करायचं आणि पुढं जायचं. चुकीमुळे कुणाचं पात्र मेलं असेल तरच फेरी उलटवावी. आणि वादाला पाच मिनिटं पुरेत; त्यात नियम सापडला नाही तर डीएमनं निकाल द्यावा, वहीत लिहावं, डाव संपल्यावर शोधावं.

धुकं

त्याच डावात पुढं म्होरक्या पळत २०० फुटांवर गेला आणि त्याच्या जादूगारानं फॉग क्लाउड हा मंत्र मारून त्याला धुक्यात लपेटलं. २० फूट त्रिज्येचा गोळा. इथं चूक कुणाचीच नव्हती, नियमच विचित्र उत्तर देतो.

मोकळ्या हवेत २०० फूट म्हणजे लांब पल्ला. डिसॲडव्हान्टेज, आता भिंत नाही, एसी १५. शक्यता ४९ टक्के. दाट धुक्यात रेंजरला म्होरक्या दिसत नाही, म्हणून आणखी डिसॲडव्हान्टेज. पण म्होरक्यालाही रेंजर दिसत नाही, म्हणून रेंजरला ॲडव्हान्टेज. आणि नियम असा की दोन्ही बाजूंचं एकेक जरी असलं तरी सगळं कटतं, तिकडं कितीही असोत. एक ॲडव्हान्टेज दोन डिसॲडव्हान्टेजना खातं. उरला एक सरळ फासा, ७० टक्के. धुकं पडल्यामुळे नेम सुधारला! खानापूरकडच्या पावसाळी धुक्यात दहा पावलांवरचं झाड न दिसलेल्या माणसांना हे पटणं शक्य नव्हतं.

पुस्तकात यावर एक लगाम आहे, तो आधी वापरावा. लक्ष्य दिसत नसेल तर त्याची जागा ठाऊक असावी लागते. म्होरक्यानं स्टेल्थनं लपण्याची कृती केली नसेल तर आवाजावरून जागा कळते असं धरतात, पण २०० फुटांवरून, लढाईच्या गलक्यात, डीएमनं ‘ऐकू येत नाही’ म्हणणं अगदी रास्त आहे. मग खेळाडूनं चौकट सांगून मारायचं. २० फूट त्रिज्येच्या गोळ्यात साधारण ५० चौकटी पडतात. चौकट चुकली तर बाण आपोआप वाया; डीएमनं फक्त ‘चुकला’ म्हणायचं, कशामुळे ते सांगायचं नाही.

हे पुरत नाही असं वाटलं तर घरगुती नियम करता येतो, आणि या गटानं तो केला: साध्या पल्ल्याच्या बाहेर असताना ‘त्याला मी दिसत नाही’ या कारणाचं ॲडव्हान्टेज धरायचं नाही. मग २०० फुटांवर धुक्यात डिसॲडव्हान्टेज शिल्लक राहतं. हाच नियम दरोडेखोरांच्या बाजूच्या स्काउटांनाही लावला, त्यांच्याकडेही लाँगबो आहेत. एकतर्फी घरगुती नियम टिकत नाही.

विरळ धुकं वेगळं. त्यात डोळ्यांनी शोधण्याच्या परसेप्शनला डिसॲडव्हान्टेज, हल्ल्याला काहीच नाही. संधिप्रकाशाचंही तेच. डीएमनं ‘जरा धुकं आहे’ म्हणताना विरळ की दाट हे त्याच दमात सांगावं.

२०२४ च्या सुधारित नियमांनी खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. वरचे पल्ले आणि आडोशाचे +२, +५ तसेच आहेत. शार्पशूटर फीट मात्र बदललं: हल्ल्याला वजा पाच घेऊन डॅमेज दहानं वाढवण्याची सोय गेली, आणि अंगाशी शत्रू असताना लागणारं डिसॲडव्हान्टेज त्यानं टळतं. लांब पल्ला आणि आडोसा न धरण्याचा फायदा दोन्हीकडे आहे. हे फीट असलेली रेंजर या बुरुजावर असती तर १४८ असो की १७५, भिंत असो की ढालकरी, तिला एकच फासा आणि एसी १५. अशा वेळी कोणत्या सालचं पुस्तक टेबलावर आहे ते आधी विचारावं.

लढाई संपली तेव्हा रेंजरच्या भात्यातले ७ बाण गेले होते. मिनिटभर शोधल्यावर निम्मे परत मिळतात, अर्धा खाली सोडायचा, म्हणून ३. वीसांपैकी १६ उरले. म्होरक्याच्या अंगात घुसलेला बाण त्या तिनांत धरायचा का, असा प्रश्न निघाला. नियम फक्त संख्या सांगतो, कोणता बाण ते सांगत नाही, म्हणून डीएमनं तो तिला दिला.